शटर दोन सेकंद : ठाणे ते ट्रॉम्सो

शनिवार, वांगणी

नॉर्दर्न लाइट्सच्या फोटोंची तयारी ठाण्यात बसून कुठे करायची, तर वांगणीला. बदलापूरच्या पुढचं हे स्टेशन आकाश बघणाऱ्यांच्या चांगलं ओळखीचं आहे. आता तिथेही बदलापूरकडचा उजेड चढत चाललाय, पण घोडबंदर रोडच्या टॉवरांमधून जेवढं आकाश दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतं. आम्ही चौघं निघालो होतो : मी, दादा, वहिनी आणि आत्या. आत्या ठाण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवायची. ध्रुवीय प्रकाश, म्हणजेच हे नॉर्दर्न लाइट्स, तिने वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने काढून दाखवलाय. ‘एकदा डोळ्यांनी बघायचाय’ हे तिचं मागणं होतं, आणि नॉर्वेच्या उत्तरेतल्या ट्रॉम्सोची तिकिटं मुळात त्यासाठीच काढली.

वांगणीला माझं काम एकच : जाड हातमोजे घालून, अंधारात, कॅमेऱ्याचं प्रत्येक बटण बोटांना पाठ करायचं. तिथे मोजे काढून सेटिंग बदलत बसलं तर पाच मिनिटांत बोटं चालेनाशी होतात. फोकसची सवयही इथेच करून घेतली. ऑटोफोकस बंद, स्क्रीनवर व्याधाचा तारा दहापट मोठा केला आणि रिंग हळूहळू फिरवत तो ठिपका सगळ्यांत बारीक झाला तिथे थांबले. लेन्सवर अनंताची खूण असते, तिच्यावर मुळीच विसंबू नये. खरा अनंत तिच्या थोडा अलीकडे किंवा पलीकडे असतो. रिंगवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला, त्यावर बॉलपेनाने रेघ मारली.

आत्या तोवर वहिनीला ध्रुवतारा दाखवत होती. हात सरळ पुढे धरला की एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. क्षितिजापासून दोन मुठी मोजल्या की आपल्याकडचा ध्रुवतारा सापडतो, कारण ठाणे 19 अक्षांशावर आहे. ‘ट्रॉम्सोला सात मुठी मोजायच्या,’ ती म्हणाली. ‘मान मोडेल बघ तुझी.’

संक्रांत, नवीन पनवेल

तिळगूळ द्यायला मावशीकडे नवीन पनवेलला गेलो. तिच्या घराकडे जाताना भारतीय भूचुंबकत्व संस्थेची पाटी लागते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि सूर्याचा त्याच्यावर होणारा परिणाम हाच तिथला अभ्यासाचा विषय. ध्रुवीय प्रकाश त्यातूनच दिसतो. नवी मुंबईत राहणाऱ्या किती जणांना ही संस्था आपल्या शेजारी आहे हे माहीत असेल, मला शंका आहे. या कामाची सुरुवात कुलाब्याच्या वेधशाळेत झाली. पुढे मुंबईतल्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालवायच्या ठरल्या. त्या विजेने चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून वेधशाळा अलिबागला हलवली, ती 1904 पासून तिथे आहे.

1859 च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाची नोंद कुलाब्याच्या यंत्रांनी केली आणि ती आजही जगभरातले अभ्यासक वापरतात. त्याहून मला आवडते ती 4 फेब्रुवारी 1872 ची रात्र. त्या रात्री ध्रुवीय प्रकाश मुंबईतून दिसल्याची बातमी तेव्हाच्या वर्तमानपत्रात आलेली आहे. आत्याने हे मावशीला सांगितलं तेव्हा मावशी म्हणाली, ‘मग तुम्ही एवढ्या लांब कशाला चाललात?’ आत्याने तिला समजावलं, की तसं वादळ शतकातून एखाददुसरं होतं. 2024 च्या मे महिन्यात मोठं वादळ आलं, तेव्हा लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनी आकाशात लाल झाक टिपली. मुंबईपर्यंत मात्र ते काही पोचलं नाही.

मावशीने गूळपोळ्या बांधून दिल्या. तूप घेतलं नाही. नॉर्वेत बाहेरून दुधातुपाचे आणि मांसाचे पदार्थ आणू देत नाहीत. मेतकूट, तिळाच्या वड्या आणि भाजणी मात्र भरपूर घेतली.

शुक्रवार आणि शनिवार, वाटेत

विमानप्रवासाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या सामानात टाकता येत नाहीत, सोबतच्या बॅगेत ठेवाव्या लागतात. मी प्रत्येक बॅटरी वेगळ्या छोट्या पिशवीत घातली होती. ऑस्लोला विमान बदललं आणि दुपारी ट्रॉम्सोत उतरलो.

दुपारी म्हणायचं ते घड्याळाप्रमाणे. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. त्यानंतरही डोंगर आडवे असल्याने शहराला तो आणखी काही दिवस दिसत नाही. अकरा ते दोनच्या सुमारास दक्षिणेकडे उजाडल्यासारखं होतं. बर्फ, पाणी, घरांच्या भिंती, सगळं निळं. मग परत रात्र. ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्या साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला आहे, पण अटलांटिकमधला उबदार प्रवाह इथवर पोचतो, म्हणून बंदर गोठत नाही आणि किनाऱ्यावर थंडी बेताची असते. आम्ही उतरलो तेव्हा उणे चार होतं. वहिनी म्हणाली, एवढंच? रात्री तिने ते शब्द मागे घेतले.

शनिवार रात्र, किल्पिसयार्वी

सहाला गाईड आला. बर्गनकडचा तिशीतला मुलगा, हिवाळाभर हेच काम. आम्हाला वाटलं तो चुंबकीय वादळाचा जोर सांगणारा केपी आकडा बघून ठरवेल, पण त्याने आधी ढगांचा नकाशा उघडला. ट्रॉम्सो ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखालीच आहे. केपी नुसता दोन असला तरी इथे प्रकाश डोक्यावर असू शकतो. अडचण असते ती समुद्रावरून येणाऱ्या ढगांची. जाणाऱ्यांना मी हेच सांगेन : केपीच्या मागे लागू नका, मोकळं आकाश कुठे आहे ते शोधा आणि तिथे नेणारा माणूस शोधा.

किनाऱ्यावर ढग होते. गाडी ई-8 महामार्गाने आत निघाली. लिंगेनचे डोंगर समुद्राची वाफ अडवतात, त्यामुळे त्यांच्या पलीकडे शिबोटनचा भाग कोरडा राहतो. आपल्या सह्याद्रीपलीकडे जसा माण-खटावचा दुष्काळी पट्टा, तेच कारण, असं आत्याने मागच्या सीटवरून सांगितलं. शिबोटनलाही पातळ ढग लागले, म्हणून तसेच पुढे फिनलंडच्या हद्दीत किल्पिसयार्वीला गेलो. सरहद्दीवर कुणी थांबवलंसुद्धा नाही. गाडीतून उतरलो तर उणे चोवीस.

या थंडीत नाकातला श्वास आत जाताना टोचतो. पापण्यांवर दव गोठतं. पाय ठेवला की बर्फ कुरकुरतो, आणि त्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नसतो. ट्रायपॉडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पायांना मी घरूनच फोम गुंडाळून आणला होता. उघडा धातू मोज्यातूनसुद्धा हात जाळतो. पाय बर्फात घट्ट रोवले, लेन्सच्या पुढचा फिल्टर काढला. हा फिल्टर काढणं फार महत्त्वाचं आहे. ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा रंग जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो, 557.7 नॅनोमीटर. सपाट काचेच्या दोन पृष्ठभागांमध्ये तो आपटून परततो आणि फोटोच्या मधोमध एकात एक वर्तुळं उमटतात. ती नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने धड निघत नाहीत.

व्याध इथे क्षितिजाला टेकलेला, डोंगराआड गेलेला. फोकस ब्रह्महृदय या ताऱ्यावर घेतला. चिकटपट्टीवरची रेघ केसभर सरकवावी लागली, कारण थंडीत लेन्सही आकसते. मग वाट बघणं.

साडेनऊच्या सुमारास उत्तरेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिकट पट्टा दिसायला लागला. राखाडी, जरासा पांढरट. आत्या म्हणाली, ‘ढग आला गं.’ गाईड हसला आणि नाही म्हणाला. मी आठ सेकंद शटर उघडं ठेवून फोटो काढला. स्क्रीनवर झळझळीत हिरवी कमान.

आत्याने स्क्रीन बघितली, आकाश बघितलं, परत स्क्रीन बघितली. ‘हे मला दिसत नाहीये,’ ती म्हणाली. ‘मला जे दिसतंय ते तुझ्या फोटोत नाही.’

या एका वाक्याने माझा पुढचा सगळा प्रवास बदलला. कॅमेरा खोटं बोलत होता असं नाही. तिथे हिरवा प्रकाश होता, पण इतका मंद, की अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना रंग कळत नाही. उजेड-अंधार तेवढा कळतो. कॅमेऱ्याचा सेन्सर आठ सेकंदांचा उजेड साठवतो, डोळा साठवत नाही. हे सगळं आत्यालाही माहीत होतं. तरी ठाण्यात जाऊन मी ही हिरवी कमान दाखवली असती, तर लोकांनी समजलं असतं की आम्ही तिथे असा हिरवा रंग बघत उभे होतो. मी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, खाली आणला, शटर तीन सेकंदांवर आणलं आणि स्क्रीनचा उजेड सगळ्यांत कमी केला. कमान फिकी झाली, रंगाचा नुसता भास राहिला. आत्याला स्क्रीन दाखवली. ‘हां,’ ती म्हणाली. ‘हे बरोबर.’

तो फोटो माझ्याकडे ‘आत्या-1’ या नावाने ठेवला आहे.

परतताना दादाने कॅमेरा बॅगेत घालून चेन पूर्ण लावली आणि हॉटेलवर पोचल्यावरही सकाळपर्यंत उघडली नाही. गोठलेला कॅमेरा उबदार खोलीत उघडला की आतल्या काचांवर पाणी जमतं. मेमरी कार्ड गाडीतच काढून घ्यायचं, म्हणजे रात्री फोटो बघायला बॅग उघडायचा मोह होत नाही.

रविवार, शहरात

अमावास्या. गडद अंधाराची रात्र म्हणून तिच्यावर आमची सगळ्यांत जास्त भिस्त होती, आणि दिवसभर बर्फ पडत राहिला. रात्री बाहेर जाणं रद्द.

दुपारच्या निळ्या उजेडात बुटांना काटे लावून पुलावरून पलीकडे आर्क्टिक कॅथेड्रलपर्यंत चालत गेलो. बर्फावरून घसरत चाललेली आत्या मधेच थांबून कार्ल स्टॉर्मरबद्दल सांगायला लागली. हा नॉर्वेचा गणितज्ञ. 1910 च्या सुमारास त्याने ध्रुवीय प्रकाशाची उंची मोजायला घेतली. काही किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे, मध्ये टेलिफोनची तार. तारेवरून इशारा मिळाला की दोन्ही ठिकाणी एकाच क्षणी फोटो. मागे तेच तारे, पण प्रकाश प्रत्येक फोटोत ताऱ्यांच्या तुलनेत थोडा सरकलेला. त्या सरकण्यावरून त्रिकोण मांडायचा, उंची निघते : खालची कड साधारण शंभर किलोमीटर. हजारो फोटो काढले त्याने. पहिला फोटो त्याच्याही आधीचा, 1892 चा, इथून पूर्वेला आल्ताजवळच्या बोसेकॉपचा, मार्टिन ब्रेंडेल नावाच्या जर्मन माणसाने काढलेला. त्या काळच्या काचेच्या प्लेटा, ती थंडी, मंद लेन्स. आमचा कॅमेरा अंधारात मांजरसुद्धा टिपतो. त्या माणसांपुढे मला नतमस्तक व्हावंसं वाटतं.

संध्याकाळी खोलीत भाजणी भिजवून तव्याविना जमेल तशी थालीपीठं केली. मायक्रोवेव्हमधलं थालीपीठ वाईट लागतं.

सोमवार रात्र, एरस्फ्योर्डबोटन

वारा फिरला आणि किनाऱ्यावरचे ढग हटले. गाईडने आज फक्त अर्ध्या तासावर, क्वालोया बेटावरच्या एरस्फ्योर्डबोटनला नेलं. समोर लांबट फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, दोन्ही बाजूंना सरळसोट डोंगर, बर्फाने पांढरे. चंद्र नव्हता. काही जणांना कोवळी चंद्रकोर हवी असते, डोंगर उजळावेत म्हणून. मला वाटतं तिची गरज नाही. बर्फ ताऱ्यांच्या आणि खुद्द ध्रुवीय प्रकाशाच्या उजेडातही पुरेसा दिसतो.

गाईड फोनवर दोनच आकडे बघत होता. सूर्याच्या दिशेला पंधरा लाख किलोमीटरवर काही अवकाशयानं उभी आहेत. सौरवारा, म्हणजे सूर्यावरून येणारा कणांचा झोत, त्यांच्यावरून गेला की साधारण तासाभरात इथे पोचतो. आपलं आदित्य-एल1 ही 2024 च्या जानेवारीपासून तिथेच आहे, हे आत्याने त्याला अभिमानाने सांगितलं आणि त्याला ते माहीत होतं. एक आकडा वाऱ्याचा वेग, दुसरा त्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा. ती दक्षिणेकडे वळली, आकडा उणे झाला, की पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचं दार उघडतं. आठ वाजता तो उणे नऊ होता. गाईड म्हणाला, आता कुणी गाडीत बसू नका.

आठ वाजून वीस मिनिटांनी पूर्वेच्या डोंगरामागून पट्टा निघाला. शनिवारी होता तसाच, फिकट. पण काही मिनिटांत त्याची खालची कड उजळली आणि हिरवी झाली. डोळ्यांना हिरवी. वहिनी ओरडली. पट्ट्यातून उभे किरण फुटले, आणि ते किरण पट्ट्याच्या लांबीवरून धावायला लागले, पश्चिमेकडे, मग परत.

आठ सेकंदांचं शटर इथे काहीच कामाचं नाही. एवढ्या वेळात किरण इकडून तिकडे जातो आणि फोटोत सगळ्याचा हिरवा चिखल होतो. नेटवर दिसणारे बरेच फोटो असे असतात : रंग भरपूर, पण आकारच नाही. मी लेन्सचं छिद्र 1.8 वर पूर्ण उघडं ठेवलं, आयएसओ 3200, शटर दोन सेकंद. किरण सुटे दिसले. मग उजेड आणखी वाढला तसं एक सेकंद, शेवटी अर्धा. व्हाइट बॅलन्स सगळा वेळ 3800 वर कायम. ऑटोवर ठेवला असता तर प्रत्येक फोटोत बर्फाचा रंग वेगळा आला असता.

आणि मग तो डोक्यावर आला. सगळे किरण एका बिंदूतून चहूबाजूंना खाली उतरत होते. खालच्या कडेला गुलाबी रंग धावत गेला, तोही डोळ्यांना दिसणारा. ‘अगं, हिरव्या नऊवारीला गुलाबी काठ!’ आत्या बर्फात उताणी पडून बघत होती आणि मोठमोठ्याने बोलत होती, कुणाशी ते तिलाही माहीत नसावं. ‘हिरवा ऑक्सिजन, शंभर ते दीडशे. गुलाबी नायट्रोजन, त्याच्या खाली. लाल कुठाय? लाल वर असतो, दोनशेच्या वर.’ लाल डोळ्यांना दिसला नाही. फोटोत वरच्या टोकाला अंधूक आला. लाल प्रकाश देणाऱ्या ऑक्सिजनच्या अणूला तो बाहेर टाकायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात दुसरा कुणीतरी अणू येऊन त्याला धडकतो आणि ती ऊर्जा तिथेच संपते. वर हवा विरळ, धडकणारं कुणी नाही, म्हणून लाल फक्त वर.

या सगळ्यात मी कॅमेरा सोडला. रिमोटवर सलग फोटो निघत राहतील असं लावलं आणि आत्याशेजारी आडवी झाले. दादाने बॅटरी बदलली तेवढीच. दुसरी बॅटरी त्याने अंगाला लागून आतल्या खिशात ठेवली होती. बाहेर काढलेली बॅटरी या थंडीत भराभर मान टाकते, खिशात परत गरम केली की थोडी जिवंत होते. साधारण दहा मिनिटं असं चाललं असेल. नंतर सगळं आकाश धूसर, ठिपक्याठिपक्यांनी मंद चमकत राहिलं. गाईडने गरम चॉकलेट दिलं, आम्ही त्याला गूळपोळी. त्याने दुसरी मागून घेतली.

बुधवार, 21 जानेवारी

ट्रॉम्सोत आज सूर्याचा दिवस. दोन महिन्यांनी सूर्य परत दिसण्याची तारीख. दुकानांतून जॅम भरलेले गोल बन विकायला होते, सूर्याचे बन, आणि शाळेतली मुलं ते खात रस्त्याने हिंडत होती. दक्षिणेला ढग होते, सूर्य काही दिसला नाही, मुलांना त्याचं काही वाटलंही नाही. आत्याने त्यांना तिळाच्या वड्या दिल्या. आपलाही सूर्य नुकताच उत्तरेकडे निघालाय, हे तिने हातवारे करून सांगितलं. किती कळलं माहीत नाही, वड्या संपल्या.

रविवार, ठाणे

सोसायटीच्या हॉलमध्ये फोटो दाखवायचे ठरलं. आदल्या रात्री लॅपटॉपवर बसले. रंगाची पट्टी उजवीकडे ओढली की सोमवारचा हिरवा आणखी पेटतो, गुलाबी जांभळा होतो. आत्या शेजारी बसून प्रत्येक फोटोला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत होती. नाहीला मी पट्टी मागे आणत होते. अर्ध्या सेकंदाचे फोटो बहुतेक जसेच्या तसे ‘हो’ झाले, कारण तेव्हा आकाशच तेवढं उजळलेलं होतं.

हॉलमध्ये पहिला लावला तो ‘आत्या-1’. मागून कुणीतरी म्हणालं, एवढंच? ‘शनिवारी एवढंच होतं,’ मी सांगितलं, आणि आठ सेकंदांचा तोच फोटो शेजारी लावून सेन्सर आणि डोळा यांतला फरक समजावला. मग सोमवार. या वेळी पहिल्या रांगेतल्या मुलाने विचारलं, ‘हे डोळ्यांनी असंच?’ मी काही बोलायच्या आत आत्या उठून म्हणाली, ‘असंच. मी होते तिथे.’

चौथ्या मजल्यावरचे काका-काकू फेब्रुवारीत फिनलंडला जाणार आहेत. काकांनी सेटिंग मागितली. मी त्यांच्या फोनमध्ये लिहून दिली : छिद्र पूर्ण उघडं, आयएसओ 1600 पासून पुढे, फोकस हाताने ताऱ्यावर, फिल्टर काढून ठेवा, मंद असेल तर चार सेकंद, किरण दिसले की दोन, नाचायला लागले की एक किंवा त्याहून कमी. काकूंनी विचारलं, ‘आणि आमच्याकडे नुसता मोबाइल असेल तर?’ तर तो ट्रायपॉडवर लावा, नाइट मोडमध्ये तीन सेकंद ठेवा, आणि सेल्फ-टायमर लावा, म्हणजे बोटाच्या धक्क्याने हलणार नाही. त्यांनी ते कागदावरही लिहून घेतलं.